आधी आकडा लिहा, मग थर्मामीटर बुडवा

१. पाण्यात थर्मामीटर घालण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा. नंतर खोडाखोड नाही. आकडा लिहिलेलं मूल नळीतल्या लाल रेघेवरून नजर हलवत नाही. न लिहिलेलं खिडकीबाहेर बघतं.

२. तापाचा थर्मामीटर आणू नका. त्याची पट्टी साधारण 35 ते 42 अंशांची. गरम पाण्यात तो फुटू शकतो. प्रयोगशाळेतला, लाल अल्कोहोलचा, उणे 10 ते 110 अंशांचा घ्यावा.

३. तीन टोप घ्या: गार, साधं आणि कोमट पाण्याचे. एक हात गार पाण्यात, दुसरा कोमट पाण्यात मिनिटभर ठेवून मग दोन्ही साध्या पाण्यात. एक हात म्हणतो गरम, दुसरा म्हणतो गार. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1690 च्या ग्रंथात हीच गंमत नोंदवली आहे. वर्गात यावर भांडण जुंपतं. जुंपू द्यावं, थर्मामीटर कशाला लागतो ते इथे आपोआप कळतं.

४. सगळ्यात जास्त वेळ मी या प्रयोगाला देते. 30 अंशांचं एक पेला पाणी, 50 अंशांचं एक पेला (गरम पाणी बाईंनीच ओतायचं), दोन्ही एकत्र केलं तर किती? निम्मा वर्ग तरी 80 लिहितो. बेरीज पक्की असलेली मुलं तर हमखास! लगेच ‘चूक’ म्हणू नये. ‘मग 80 अंशांच्या पाण्यात हात घालाल का?’ एवढंच विचारावं. थर्मामीटर 40 च्या किंचित खाली थांबतो. तो ‘किंचित’ कुठे गेला, हा प्रश्न उत्तरापेक्षा मोठा आहे: थोडी उष्णता पेल्याने घेतली, थोडी हवेने.

५. बर्फ वितळत असताना ढवळत राहिलं तर तापमान शून्याच्या आसपासच अडून बसतं. त्यात भरपूर जाडं मीठ टाका. बर्फ भराभर वितळतो, तरी लाल रेघ शून्याखाली! वितळायला लागणारी उष्णता तो त्याच पाण्यातून ओढतो. कुल्फीवाल्याला हे पाठ असतं. या मिश्रणात बोटं मात्र घालू देऊ नका, कातडीला इजा होते.

६. माठात पाणी किती गार होतं, तो प्रयोग विदर्भात मे महिन्यात करा. कोकणात पावसाळ्यात केलात तर फजिती: दमट हवेत पाणी झिरपतं, पण वाळत नाही, मग गारही होत नाही.

शाळेला भेट द्यायची असेल तर भिंतीवरचं घड्याळ नको, थर्मामीटर द्या. चार मुलांमागे एक हवा.