भिंतीवरील वर्तुळ : रास्पबेरी पाय आणि प्रोजेक्टर यांची जुळणी

एका शाळेस भेट देण्याचा योग आला तेव्हा इयत्ता चौथीत वर्तुळाचा पाठ चालू होता. गुरुजींनी प्रोजेक्टरने भिंतीवर मोठे वर्तुळ दाखविले, केंद्र व त्रिज्या यांची नावे सांगितली आणि केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर कोठूनही मोजले तरी सारखेच भरते, असे बजावून सांगितले. पाठ संपल्यावर एक मुलगी मीटरपट्टी घेऊन भिंतीपाशी गेली. उभी त्रिज्या ४० सेंटिमीटर भरली, आडवी ३०. तिने वळून गुरुजींकडे पाहिले आणि गुरुजींनी माझ्याकडे. व्याख्या बरोबर होती, चित्र खोटे होते; आणि या वयात मूल कानांपेक्षा डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवते.

त्या वर्गात रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जोडलेला होता. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मुख्यतः मुलांच्या शिक्षणासाठी तयार झालेला हा संगणक २०१२ साली प्रथम विक्रीस आला. त्यात चित्रासाठी वेगळे कार्ड नसते. चित्र घडविणारा भाग मुख्य चिपमध्येच अंतर्भूत असतो व त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या प्रणालीस ड्रायव्हर म्हणतात. यंत्र बिघडले असावे, अशी गुरुजींची समजूत होती. वस्तुतः यंत्र धडधाकट होते. दोन यंत्रांचा आपसांत मापाविषयी गैरसमज झाला होता, इतकेच.

हा गैरसमज कसा होतो ते पाहू. पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांच्या ओळी होत. एका ओळीत १९२० ठिपके व अशा १०८० ओळी असल्या, तर एकूण २०,७३,६०० ठिपके होतात. त्यांची रुंदी व उंची १६ : ९ या प्रमाणात असते. जुन्या प्रोजेक्टरच्या पोटात मात्र पुष्कळदा १०२४ ठिपक्यांच्या ७६८ ओळीच असतात, म्हणजे ४ : ३ हे प्रमाण. तार जोडताच प्रोजेक्टर आपले लहानसे परिचयपत्र संगणकाकडे धाडतो. त्यास ईडीआयडी असे नाव असून त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा असतो. त्यात आपण कोणकोणती मापे स्वीकारू शकतो, हे तो सांगतो. पण स्वीकारणे निराळे आणि जसेच्या तसे दाखविणे निराळे. मोठे माप स्वीकारून प्रोजेक्टर ते आपल्या चौकटीत दाबून बसवितो. १६ : ९ चे चित्र ४ : ३ च्या चौकटीत पूर्ण भरले, की उंचीच्या मानाने रुंदी पाऊणपट होते. त्या मुलीच्या ४० आणि ३० चा हिशेब हाच. (हा हिशेब सातवीच्या वर्गाला गुणोत्तराचे उदाहरण म्हणून खुशाल घालावा.)

उपाय प्रथम प्रोजेक्टरकडेच पाहावा. त्याच्या मेनूत चित्राच्या प्रमाणाची निवड असते. तेथे पडदा पूर्ण भरण्याचा पर्याय निवडलेला असल्यास तो बदलून आपोआप प्रमाण राखण्याचा पर्याय घ्यावा. वरखाली काळ्या पट्ट्या येतील; येऊ द्याव्यात. पट्ट्या डोळ्यांना खुपतात म्हणून चित्र ताणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांची ही हौस वर्तुळाच्या जिवावर उठते.

याहून चांगला मार्ग म्हणजे प्रोजेक्टरच्या अंगचे माप संगणकाकडूनच पाठविणे. ते माप प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. संगणकाच्या पडद्यावरील प्रेफरन्सेस या यादीत स्क्रीन कॉन्फिगरेशन उघडून १०२४ × ७६८ निवडावे. आवृत्तीप्रमाणे या यादीची मांडणी थोडी बदलते. बहुतेक शाळांचे काम येथेच भागेल.

तथापि कधी पडदा काळाच राहतो. एचडीएमआयवरून जुन्या व्हीजीए तारेवर नेणारा जोड मध्ये असला, तर परिचयपत्र कधीकधी पलीकडे पोहोचतच नाही. प्रोजेक्टर मागाहून चालू केल्यासही हा घोटाळा होतो. म्हणून आधी प्रोजेक्टर चालू करावा, नंतर संगणक. तेवढ्याने भागले नाही, तर संगणक रीतसर बंद करून त्याचे मेमरी कार्ड काढावे व दुसऱ्या संगणकात घालावे. विंडोजचा संगणक असेल तर कार्डाचा एक भाग त्यास वाचता येत नाही आणि तो 'फॉरमॅट करू का?' असे विचारतो. येथे होकार देऊ नये. होकार दिल्यास कार्डावरील सारे पुसले जाईल.

जो भाग उघडतो त्यात सीएमडीलाइन नावाची छोटी मजकूर-फाइल असते. प्रथम तिची प्रत अन्यत्र ठेवावी. आत एकच लांब ओळ दिसेल. तिच्या शेवटी एक जागा सोडून पुढील मजकूर रोमन अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत सलग लिहावा : लहान अक्षरांत 'व्हिडिओ', बरोबरचे चिन्ह, मोठ्या अक्षरांत 'एचडीएमआय', आडवी रेघ, मोठा 'ए', आडवी रेघ, १, विसर्गासारखे दोन बिंदू, १०२४, लहान 'एक्स', ७६८, 'ॲट'चे चिन्ह, ६०, मोठा 'डी'. येथे ६० म्हणजे चित्र एका सेकंदात किती वेळा ताजे व्हावे तो आकडा. शेवटचा 'डी' म्हणजे पलीकडून उत्तर येवो न येवो, चित्र पाठवावे ही आज्ञा. एंटर कळ दाबून दुसरी ओळ करू नये, कारण या फाइलीतील सर्व आज्ञा एकाच ओळीत असाव्या लागतात. ज्या संगणकास चित्राची दोन तोंडे आहेत तेथे वीजजोडणीलगतचे तोंड पहिले समजावे व तार त्यात घालावी.

जुन्या पुस्तिकांत कॉन्फिग नावाच्या फाइलीत गट व क्रमांक लिहिण्याची रीत दिली आहे. तीत १६ हा क्रमांक पहिल्या गटात १९२० × १०८० चा, तर दुसऱ्या गटात १०२४ × ७६८ चा होता. गट चुकला की सर्वच चुके. २०२१ सालच्या आवृत्तीपासून ड्रायव्हर बदलला असून नव्या व्यवस्थेत त्या ओळी निरुपयोगी आहेत. त्या लिहून काही घडले नाही, तर आपले काही चुकले असे समजू नये.

वर्तुळ नीट झाले तरी चित्र वर रुंद व खाली अरुंद दिसत असेल, तर तो ड्रायव्हरचा दोष नव्हे. प्रोजेक्टर तिरपा बसला आहे. त्याखाली पुठ्ठा सारून तो सरळ करावा.

मग भिंतीवर वर्तुळ दाखवून दोरीने आडवा व उभा व्यास मोजावा, आणि हे मोजमाप मुलांकडूनच करून घ्यावे. माप जुळल्यावर ती ओळ कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. कार्ड बदलले की लिहिलेली ओळही त्याबरोबर जाते, आणि नवे कार्ड बसवावयाचे ते बहुधा परीक्षेच्या आदल्या दिवशीच.