दुरुस्तीनंतर सिलिंडरमध्ये येणारे तेल : पंप व फवारणी इंजिनांतील दोषाचे निदान

कुंभकोणमजवळील सुंदरपेरुमाळ कोयिल हा तंजावर जिल्ह्यातील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा भाग होय. मराठी वाचकाला तंजावर परिचित आहे ते व्यंकोजी राजांमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. शेतीच्या दृष्टीने मात्र हा भाताचा मुलूख आहे. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. त्या सुमारास कुरुवै हंगामाची लगबग सुरू होते. कालव्याचे पाणी पोहोचण्याआधी रोपवाटिका भूजलावर तयार करावी लागते, आणि वीजजोड नसलेल्या ठिकाणी ही सारी भिस्त डिझेल इंजिनावर असते. विदर्भाच्या किंवा कोकणाच्या भातपट्ट्यातील शेतकऱ्यालाही ही परिस्थिती अपरिचित नाही.

हंगामाच्या तोंडावर इंजिन बांधून आणले जाते आणि पहिल्याच दिवशी धुराड्यातून निळसर धूर निघू लागतो. ‘रिंगा बसल्या की थांबेल’ असे मिस्त्री सांगतो. ते कधी खरे ठरते, कधी नाही. प्रश्न असा की थांबावे की इंजिन पुन्हा उघडावे?

प्रथम धुराचा रंग पाहावा. निळा धूर वंगणतेल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर जास्त इंधनाचा किंवा कमी हवेचा असतो. थंड डिझेल इंजिन सुरू करताना निघणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असून इंजिन तापल्यावर तो ओसरतो. तो टिकून राहिला आणि थंड करण्याचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

त्यानंतर, कोणताही नट सैल करण्यापूर्वी, डिपस्टिक आणि एअर क्लीनर तपासावेत. दुरुस्तीनंतर तेल ‘थोडे जास्तच’ भरण्याची सवय सार्वत्रिक आहे. क्रँककेसमधील तेल वरच्या खुणेपलीकडे गेले की लायनरवर इतके तेल उडते की चांगल्या रिंगाही ते खरवडून काढू शकत नाहीत. क्रँककेसचा ब्रीदर चिखलाने किंवा गॅस्केटच्या तुकड्याने बंद झाला, तर आतील दाब वाढून तेल वर ढकलले जाते. तेलकुंडाच्या पद्धतीचा एअर क्लीनर असल्यास त्यातील तेलही खुणेइतकेच हवे. ते जास्त असल्यास हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये ओढले जाते. डिपस्टिकवरील पातळी घटत नाही, तरी धूर निळा आहे आणि हवेच्या नळीची आतील बाजू तेलाने ओली आहे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर दोष येथेच आहे. केवळ एवढ्यासाठी नव्या रिंगा पुन्हा काढल्या जातात, हे खेदजनक आहे.

या दोषात धोकाही आहे. डिझेल इंजिन ओढलेल्या तेलावरच चालू लागले की त्याचा वेग आवरत नाही आणि डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड सपाट फळीने बंद करावे. हात कधीही लावू नये.

याउलट, इंजिन रात्रभर उभे राहून सकाळी अडकल्यासारखे वाटले, तर हँडलवर जोर देऊ नये. पिस्टनवर साचलेले तेल दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. नोझल काढून, डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. नोझलच्या छिद्रासमोर कोणीही उभे राहू नये.

बाहेरची तपासणी निर्दोष ठरल्यास धूर केव्हा येतो ते पाहावे. बराच वेळ उभे असलेले इंजिन सुरू करताच धुराचा लोट येऊन लगेच विरतो, तेव्हा व्हॉल्व्ह गाईड झिजलेले असते किंवा, जेथे सील असते तेथे, ते बसवताना फाटलेले असते. भार दिल्यावर धूर सतत राहिला तर रिंगांकडे लक्ष द्यावे. हेड उघडल्यावर हीच खूण पक्की होते. पिस्टनच्या माथ्याची कड धुतल्यासारखी स्वच्छ असेल तर तेल रिंगांवरून आले. इनटेक व्हॉल्व्हच्या मागे ओलसर काजळी असेल तर गाईडमधून.

रिंगांच्या चुका ठरावीक आहेत. ‘टॉप’ अशी खूण असलेली बाजू खाली जाते, सर्व रिंगांची तोंडे एका रेषेत येतात किंवा तेल-रिंगेच्या आतील स्प्रिंगची टोके एकमेकांवर चढतात. गुळगुळीत झालेल्या जुन्या लायनरमध्ये होनिंग न करता नव्या रिंगा घातल्या तर त्या बसतच नाहीत. होनिंग केलेल्या लायनरमध्येही पहिले काही तास इंजिन रिकामे चालवू नये. हलक्या भारावर लायनरला चकाकी येते आणि धूर कायमचा राहतो. टप्प्याटप्प्याने भार द्यावा व दर दहा तासांनी किती तेल घालावे लागले ते लिहून ठेवावे. आकडा उतरत असेल तर थांबावे. स्थिर असेल तर उघडावे. जाड तेल घालून धूर दडवणे हा उपाय नव्हे.

फवारणी पंपाच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात प्लग बोलका असतो. ओला, तेलकट, काळा प्लग तेलाची साक्ष देतो. कोरडी काजळी दाट मिश्रणाची. टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने थोडा निळा धूर हा दोष मानू नये. पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन आधी कोरडे मोजावे, मग चमचाभर तेल घालून मोजावे. दाब वाढला तर रिंगा, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. परंतु ही चाचणी तेल-रिंगेबद्दल काही सांगत नाही. दाब उत्तम असूनही तेल वर येऊ शकते. डिझेल इंजिनात पिस्टनवरील जागा अगदी कमी असल्याने घातलेले तेल मोजमापच बिघडवते, म्हणून तेथे ती टाळावी.

भातावरील तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत राहतात. प्लग तेलाने माखून इंजिनाची शक्ती उतरली की फवारा वरच्या पानांवरच राहतो. वर वावरणारे कोळी व इतर मित्रकीटक मरतात, खालचे तुडतुडे वाचतात, आणि काही दिवसांत शेतात करपल्यासारखे गोल चट्टे दिसू लागतात. शेतकरी औषधाला दोष देऊन मात्रा वाढवतो. विस्तार कार्यकर्त्याने अशा शेतात कीटकनाशकाच्या बाटलीबरोबर पंपाचा प्लगही काढून पाहावा. पंप आडवा टाकून वाहून आणला होता का, हेही विचारावे. आडव्या ठेवलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेल आपोआप सिलिंडरकडे उतरते आणि दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचा त्यात काहीच दोष नसतो.