मराठी पेपर चालणार नाही म्हणे!

राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पण गप्प बसले तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या लेकराची फाईल अशीच परत येईल.

लेक बारावीला, विषय सीबीएसईचा लीगल स्टडीज. लेखीला ८० गुण, प्रकल्पाला २०. ‘चालू घडामोडींतला एक खटला घ्या, वर्तमानपत्रांचे संदर्भ जोडा,’ असं सरांनी सांगितलं. आम्ही गागोदे बुद्रुकचे. पेणच्या बाजारात उभं राहिलं की जो खटला आपोआप कानावर पडतो, तोच तिने घेतला: पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) गणेशमूर्तींचा. हमरापूर, जोहे इथल्या किती घरांची चूल त्यावर पेटते, हे आमच्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पीओपीवर बंदी घालणाऱ्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचना, त्यांच्या अंमलबजावणीवरून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका, मूर्तिकारांच्या पोटापाण्याचा हक्क एकीकडे आणि नद्या-खाड्यांचं पाणी दुसरीकडे. लीगल स्टडीजच्या पोरीला आणखी काय हवं?

सरांनी कात्रणं बघितली, फाईल मिटली. “मराठी पेपर चालणार नाहीत. नॅशनल लेव्हलचा सोर्स पाहिजे. आणि मूर्ती हा काय कायद्याचा टॉपिक आहे?” मी जाऊन विचारलं, हा नियम कुठे लिहिलाय तेवढं दाखवा. दाखवला नाही. “ताई, पालकांनी यात पडू नये,” एवढंच.

बरं, चालतं काय? तर ‘आदर्श नमुना’ म्हणून वर्गाच्या ग्रुपवर त्यांनी एक फाईल टाकली. रंगीत मुखपृष्ठ, स्पायरल बाइंडिंग. असल्या फाइली तयार विकत मिळतात, हे पेणमधल्या कुठल्याही अकरावी-बारावीच्या पोराला विचारा. मी ती रात्री वाचायला घेतली. सर्वोच्च न्यायालयाचा म्हणून एक निवाडा होता, त्यातली म्हणून इंग्रजी अवतरणं होती आणि पुराव्याला एका वर्तमानपत्राची १६ ऑगस्टच्या अंकातली बातमी. तिथेच मी थबकले. १५ ऑगस्टला छापखान्याला सुट्टी असते, १६ ला आपल्याकडे अंक येत नाही! पेपर टाकणाऱ्या पोराला कळतं ते. मग खटल्याचा क्रमांक सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर घातला. रेंज जात-येत होती, ते कॅप्चाचे वाकडे आकडे, शेवटी पान उघडलं. त्या क्रमांकाखाली कुणाच्या तरी पेन्शनचा वाद. पक्षकारांच्या नावानं शोधलं, काहीच नाही. तो निवाडा कुणी दिलेलाच नव्हता. कुठल्या तरी यंत्राला विचारून लिहून घेतलेला असणार. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले असेच न्यायालयात दाखल केले, तेव्हा न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. आमच्याकडे त्या फाईलला माझ्या लेकीपेक्षा जास्त गुण मिळाले. हे सगळं प्रिंट काढून सरांपुढे ठेवलं तर म्हणतात, “जाऊ द्या हो, मुलांनी मेहनत घेतलीय.”

आता ज्यांना प्रकल्प करायचाय त्यांच्यासाठी.

मथळ्यावर विसंबू नका. उच्च न्यायालयाच्या ९ जून २०२५ च्या आदेशानंतर सगळीकडे ‘पीओपीवरची बंदी उठली’ असाच सूर होता. मूळ आदेश वाचला तर मूर्ती घडवायला मुभा होती, पण न्यायालयाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नव्हती. पुढे २४ जुलैला सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या, त्याहून उंच मूर्तींना नैसर्गिक जलस्रोतांची सवलत, तीही मार्च २०२६ पर्यंतच, असा आदेश आला. म्हणजे अंतरिम आदेश कोणता आणि अंतिम निकाल कोणता, हे तारखेसकट लिहायला हवं. न्यायमूर्ती सुनावणीत तोंडी काही बोलतात, पेपरात त्याचाच मथळा होतो, आणि लेखी आदेशात ते वाक्य नसतंच. लेकीने हा फरक दाखवायला एक अख्खं पान खर्च केलं होतं. वाचलं कुणी?

आदेश फुकट मिळतात, पैसे मोजू नका. उच्च न्यायालयाचे त्याच्या संकेतस्थळावर, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआरवर, अलिबाग-पेणच्या न्यायालयांची माहिती ई-कोर्ट्सवर. इंडियन कानूनवर शोधणं सर्वांत सोपं. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवादही आहेत. ‘मराठी चालत नाही’ म्हणणाऱ्यांना ते आवर्जून दाखवा.

कात्रण कापताना पेपरचं नाव, तारीख आणि आवृत्ती त्यावर लगेच लिहा. रायगडची बातमी मुंबईच्या आवृत्तीत बहुधा नसते, मग नंतर सापडत नाही. ऑनलाइन बातमी मागाहून बदलते, म्हणून वाचली त्या दिवशीच प्रिंट काढा.

जुनी गाईडं टाकून द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. पण गुन्हा त्या तारखेआधीचा असेल तर खटला जुन्याच भारतीय दंड संहितेखाली चालतो. मी हे सांगितलं तेव्हा सरांनी विषय बदलला. लैंगिक अत्याचाराचा किंवा अल्पवयीन मुलाचा खटला घेतलात तर नाव, गाव, शाळा काही लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असलं तरी पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

आणि विषय जवळचा घ्या. सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) जमिनींवरून सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं, २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली आणि ठेवीदार वर्षानुवर्षं भांडत राहिले. भूदानवाल्या विनोबांच्या जन्मगावात, या गागोद्यात राहून जमिनीचा प्रश्न ‘नॅशनल लेव्हल’चा नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याला काय सांगायचं!

ती ‘आदर्श’ फाईल अजूनही ग्रुपवर आहे. अकरावीच्या पालकांनो, पोरांना ती उतरवू देऊ नका. आणि शाळेने मराठी पेपर नाकारला, तर नियम लेखी मागा.