घटक ६ : बोलीचे चित्रमुद्रण – अल्प खर्चातील साधनांची निवड

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• बोलीच्या नोंदीत चित्रापेक्षा ध्वनीला अग्रक्रम का द्यावा, हे स्पष्ट करता येईल.
• माइक, फोन, तिपाई व प्रकाश यांची निवड आपल्या ऐपतीनुसार करता येईल.
• मुद्रित सामग्रीची जपणूक आणि निवेदकाची संमती यांचे महत्त्व सांगता येईल.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण प्रकल्पासाठी आपल्या गावची बोली नोंदवणार आहेत. काहींना वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणीतून स्वतःचा व्लॉगही सुरू करावयाचा असेल. दोघांचाही पहिला प्रश्न सारखाच असतो : ‘कॅमेरा कोणता घ्यावा?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचा क्रम चुकलेला आहे. चित्र थोडे धूसर असले तरी बोलणे समजते. ध्वनी धूसर झाला तर बोलीच हरवते.

प्रस्तुत लेखकाने आरंभीच्या काळात एका वृद्ध स्त्रीच्या जात्यावरच्या ओव्या छताच्या पंख्याखाली बसून मुद्रित केल्या. लिप्यंतर करताना कित्येक ठिकाणी उच्चार ‘न’ आहे की ‘ण’, याचा निर्णय होईना. खात्री करण्यासाठी पुन्हा गावी जावे, तोवर त्या आजी निवर्तल्या होत्या. ती नोंद आजही अपुरीच आहे. चूक यंत्राची नव्हती. ते कोठे ठेवावे याचा विचार केला नव्हता, ही होती.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ प्रथम ध्वनी

‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो. पण पहिला तालव्य व दुसरा दंततालव्य आहे. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी एका ‘ज’ने, तर ‘तू जग’ या आज्ञार्थी दुसऱ्या ‘ज’ने उच्चारला जातो. लेखनात न दिसणारा हा भेद मुख्यतः घर्षणध्वनीच्या उच्च वारंवारितेत असतो. जुन्या दूरध्वनीवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोहोचत असे. म्हणून त्यावर ‘स’ आणि ‘फ’ यांची गल्लत होई. संभाषणापुरता असलेला ब्लूटूथ इअरफोनचा माइकही वरचा बराच भाग गाळतो. नोंदीसाठी तो टाळावा.

माइकच्या किमतीपेक्षा त्याचे अंतर महत्त्वाचे आहे. मोकळ्या जागी अंतर निम्मे झाले की ध्वनीचा दाब दुप्पट होतो. दोन मीटरवरचा माइक पंचवीस सेंटिमीटरवर आणला, तर बोलणाऱ्याचा आवाज आठपट दाबाने पोहोचतो; दूरचा पंखा, रस्ता वा कोंबडा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलेला तारेचा साधा कॉलर माइक हे आपले पहिले साधन होय. असा माइक हजार रुपयांच्या आसपास मिळतो. घेताना त्याची पिन पाहावी : फोनसाठी तीन काळ्या कड्यांची, कॅमेऱ्यासाठी दोन कड्यांची. फोनला गोल छिद्र नसेल, तर टाइप-सी पिनचा माइक घ्यावा.

६.३.२ फोन हाच कॅमेरा

हाती असलेला फोन पुरेसा आहे. पुढील गोष्टी पाळाव्यात :
(अ) फोनच्या पाठीमागील कॅमेरा वापरावा; तो बहुधा अधिक चांगला असतो.
(आ) चित्र १०८० पिक्सेलवर ठेवावे. ‘फोर-के’मुळे जागा झपाट्याने संपते, १०८० चित्रालाही मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी, म्हणजे तासाला ४ ते ८ जीबी लागतात.
(इ) फोन ‘एअरप्लेन मोड’वर ठेवावा, अन्यथा ऐन गोष्टीत कोणाचा तरी फोन येतो.
(ई) अर्ध्या मिनिटाचे चाचणी-मुद्रण करून ते इअरफोनवर ऐकावे. या पायरीला पर्याय नाही.

६.३.३ आधार आणि प्रकाश

हाताने धरलेला फोन काही मिनिटांतच हलू लागतो. साधी तिपाई घ्यावी; ती नसल्यास पुस्तकांची चळतही चालते. दिवा विकत घेण्यापूर्वी खिडकी शोधावी. निवेदकाचे तोंड खिडकीकडे असावे, पाठ नव्हे. पाठ असल्यास चेहरा काळा पडतो आणि ओठांची हालचाल दिसत नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते; तेव्हा फोनमध्ये सोय असेल, तर सेकंदाला २५ चित्रांची गती निवडावी.

६.३.४ जपणूक आणि संमती

मुद्रण झाले त्याच दिवशी त्याच्या दोन प्रती कराव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. संदेशसेवेवरून चित्रफीत नेहमीच्या रीतीने पाठवल्यास ती आकुंचित होते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फितीच्या नावात गाव, बोली व दिनांक असावा.

निवेदकाची संमती मुद्रणापूर्वी घ्यावी. अभ्यासासाठी दिलेली संमती व्लॉगवर दाखवण्याची संमती नसते. ती वेगळी विचारावी. बोली ही त्या माणसांची आहे, आपण केवळ तिचे नोंदकार आहोत.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. अंतर निम्मे केल्यास ध्वनीचा दाब किती पट होतो?
२. फोनसाठीच्या माइकच्या पिनेवर किती काळ्या कड्या असतात?
३. ‘चार’मधील ‘च’ कोणत्या प्रकारचा आहे?
(उत्तरे : १. दुप्पट २. तीन ३. तालव्य)

६.४ सारांश

मर्यादित पैशांत खरेदीचा क्रम माइक, तिपाई, साठवणीचे कार्ड असा ठेवावा. कॅमेऱ्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. पंखा बंद करणे, खिडकी उघडणे आणि माइक जवळ आणणे यांना खर्च नाही. परंतु पुढे अभ्यासकाला ‘डोळा’ आणि वऱ्हाडीतील ‘डोया’ स्पष्ट ऐकू येतात ते त्यामुळेच.

६.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील वा शेजारच्या एका ज्येष्ठ व्यक्तीचे पाच मिनिटांचे कथन दोनदा मुद्रित करा : एकदा फोन दोन मीटरवर ठेवून, एकदा कॉलर माइक लावून. दोन्हींचे लिप्यंतर करा आणि पहिल्यात न कळलेले शब्द दुसऱ्याशी पडताळून त्यांची यादी करा. हे काम सवडीवर ढकलू नये. बोलणारी माणसे आपल्या सवडीसाठी थांबत नाहीत.