‘त्रिंकोमाली’ : मुंबईत घडलेली युद्धनौका

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल बंदरात शिडाची एक जुनी युद्धनौका उभी आहे. तिचे नाव ‘त्रिंकोमाली’. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ तिच्याहून जुनी खरी; पण ती कोरड्या गोदीत विसावली आहे. आजही पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका ‘त्रिंकोमाली’च होय, आणि ती बांधली गेली आपल्या मुंबईत!

नेपोलियनविरुद्धच्या दीर्घ युद्धांमुळे इंग्लंडमध्ये जहाजांना योग्य अशा ओक लाकडाची टंचाई पडली. तेव्हा ब्रिटिश नौदलाची दृष्टी मुंबईच्या गोदीकडे वळली. तेथे वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी हे मुख्य जहाजबांधणीकार होते. या नौकेचे आराखडे ‘जावा’ या जहाजातून मुंबईस निघाले. परंतु डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज पराभूत केले व आराखडे गेले. पुन्हा प्रती पाठवाव्या लागल्या. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली. त्यानंतर महिनाभराच्या आतच खडकीची लढाई झाली, हे ध्यानी घेतले म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

तोफांचा मजला सुमारे १५० फूट लांब, तोफा ३८, आणि सारे अंग मलबारी सागवानाचे. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेल मात्र लाकडाला कुजू देत नाही आणि खिळ्यांनाही जपते. नौकेच्या दीर्घायुष्याचे रहस्य येथे आहे.

ती इंग्लंडला पोहोचली तेव्हा युद्ध संपले होते. जिच्यासाठी एवढा खटाटोप झाला, ती पंचवीसहून अधिक वर्षे कामाविना नांगरून पडली. पुढे १८४७ पासून तिने अटलांटिकमध्ये व नंतर पॅसिफिकमध्ये सेवा केली. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या गस्तीतही तिचा वाटा होता. त्यानंतर ती झाली शाळा! प्रथम नौदलाच्या राखीव दलातील खलाशी आणि १८९७ नंतर, दुसऱ्या नावाने, किशोरवयीन मुले तिच्यावर धडे घेऊ लागली. हे विद्यादान १९८६ पर्यंत चालले. मग तिची मोठी दुरुस्ती २००१ मध्ये पूर्ण झाली व मूळ नावही तिला परत मिळाले.

ही नौका साम्राज्याच्या गरजेतून जन्मली, हे आम्ही विसरत नाही. जमशेटजींचे नाव इतिहासाने जपले. पण ज्यांनी जंगलात साग तोडला, ओंडके वाहिले, फळ्या तासल्या, खिळे ठोकले, त्या हातांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे आहेत? त्यांची सही उरली आहे ती केवळ लाकडात.

म्हणूनच हा धडा आम्हांला वसतिगृहातील मुलांना सांगावासा वाटतो. यातील पुष्कळांचे आईवडील अशाच कष्टांवर जगतात. आपल्या बापाच्या हातांना इतिहासात जागा नाही, असे कोणा मुलाला वाटले, तर त्याला या नौकेची गोष्ट सांगावी. दोनशे वर्षांहून अधिक काळ समुद्राचे पाणी ज्या कामाची परीक्षा घेत आहे, ते काम अशाच हातांचे आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी इंग्लंडला गेल्यास हार्टलपूलला अवश्य जावे, त्या सागवानी फळीवर क्षणभर हात ठेवावा आणि परतल्यावर येथील मुलांना ती हकिगत सांगावी.