लोखंड कानाने ओळखूया

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, धातुशोधक यंत्र हाती आलं की मुलं लगेच खणायला धावतात. आधी ऐकायला शिकवूया. खिळ्याचा आवाज साधारण जाड, तुटक. तांब्या-चांदीचा बारीक, स्वच्छ. पण सांगलीकडच्या रानात किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराचा चपटा फाळ पुरलेला असला, तर तोही चांदीसारखा बोलू शकतो! म्हणून काटकोनात फिरून त्याच जागी पुन्हा ऐका. आवाज तुटला, बदलला तर बहुधा लोखंडच. साताऱ्याच्या कास पठारावरच्या जांभ्यात लोह असतं, अशा जमिनीत यंत्र उगाच कुरकुरतं.

आणि हो, गडकिल्ल्यांवर खणायचं नाही. जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मुलांना हेही सांगाच.