संपलं कसं सांगावं?

लष्कर, ग्वाल्हेर

चि. निखिल यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

गोव्याच्या हॉटेलातले इंग्रज पाहुणे ‘स्किंट’ म्हणतात आणि तू नुसता हसून वेळ मारून नेतोस, असं ताई सांगत होती. अरे, खिशात ठणठणगोपाळ, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटिश माणूस स्किंट होतो, अमेरिकन ब्रोक. हे शब्द कानांनी ओळखावेत, पाहुण्याला उद्देशून आपण उच्चारू नयेत. बिल बघून कुणी थट्टेनं स्वतःला ब्रोक म्हणवून घेतलं, तर ‘येस सर’ म्हणून मोकळा होशील!

आता जिन्नस संपण्याचं. ग्वाल्हेरच्या बाड्यावर ‘खतम हो गया’, ‘निपट गया’ ऐकत तू मोठा झालास, म्हणून ‘फिश इज फिनिश्ड’ तोंडात येतं. गोऱ्याला ते कळतं, पण खटकतं. ‘सॉरी, वी आर आउट ऑफ फिश’ म्हण, किंवा ‘वी हॅव रन आउट’. (रन आउट म्हटल्यावर रूपसिंह स्टेडियम आठवू नकोस, २४ फेब्रुवारी २०१० ला तिथं सचिन २०० वर नाबाद होता!) आपल्याकडे मासे आपले आपण संपतात, कुणाकडे बोट जात नाही. इथं ‘वी’ आधी येतं, म्हणजे उणीव आपल्या पदरात घेतली. मग ‘सॉरी’सुद्धा शोभून दिसतं.

‘ऑल गॉन’ घरगुती आहे, आई बाळाला रिकामी वाटी दाखवते त्या थाटाचं. ‘फ्रेश आउट’ अमेरिकन. तुम्ही यायच्या जरा आधी संपलं, अशी त्यात मिश्कील छटा. ओळखीच्या पाहुण्याला चालेल, चिडलेल्याला बेफिकिरी वाटेल. ‘एटी-सिक्स’ ही तिकडच्या भटारखान्यातली बोली: तो पदार्थ संपला, ऑर्डर घेऊ नका. तिच्या उगमाच्या कथा ढीगभर आहेत, मला एकही पटत नाही. ती दाराआडच राहू दे.

खरं तर शब्दांपेक्षा वेळ महत्त्वाची. पाहुण्यानं पंधरा मिनिटं मेनू चाळून कोळंबी ठरवायची आणि मग तू नाही म्हणायचं, तिथं कुठलंही इंग्रजी तुला वाचवणार नाही. जेवणाची वेळ सुरू व्हायच्या आत आचाऱ्याला विचार, काय उरलंय, किती ताटांपुरतं. मेनू हातात देतानाच सांग, आणि त्याच दमात दुसरं काय चांगलं झालंय तेही. आजी ‘तांदूळ संपले’ म्हणू देत नाही, ‘आणायला झालेत’ म्हणायला लावते, ते तुला ठाऊक आहेच, तीच रीत इथं.

गजक पाठवली आहे. पोचली की कळव.

तुझी,
मावशी